व्यसनमुक्ती आणि स्वकीयांचा आधार : लैंगिक अल्पसंख्य समाजाच्या संदर्भात

प्रास्ताविक

१९८१ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक एका स्त्रीच्या समलिंगी आकर्षणाचे धीट चित्रण म्हणून मराठी वाचकांना परिचित आहे. त्या नाटकाची आणखी एक बाजू येथे लक्षात घ्यावयाची आहे. नायिका सुमित्रा ऊर्फ मित्रा हिची शोकांतिका एकट्या प्रेमभंगातून घडत नाही. नामा दुरावल्यानंतर ती मद्याच्या आहारी जाते, एकेक आधार गमावत जाते आणि अखेरीस आपले जीवन संपविते. निवेदक बापू हा तिचा सच्चा मित्र आहे. तिचे गुपित त्याला ठाऊक आहे, तिच्याविषयी त्याच्या मनात प्रेम आहे, आणि तरीही तो तिला सावरू शकत नाही. सद्‌भावना असूनही बापूजवळ नेमके काय नव्हते, असा प्रश्न नाटक संपल्यावर वाचकाच्या मनात उरतो.

व्यसनमुक्तीच्या चळवळीने गेल्या नव्वद वर्षांत या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. व्यसनी माणसाला त्याच वाटेने जाऊन परत आलेल्या माणसाची सोबत लागते, असे ते उत्तर आहे. परंतु मित्रासारख्या व्यक्तीच्या बाबतीत वाट एक नसून दोन आहेत. मद्याची वाट चालून परतलेला माणूस तिला भेटला, तरी तिच्या प्रेमाला तो विकृती समजत असेल, तर त्याच्यापुढे ती निम्मेच बोलू शकेल. उलट तिचे प्रेम समजणारी मंडळी भेटली, पण ती सर्व रोज संध्याकाळी मद्यालयातच भेटत असतील, तर त्यांच्या सहवासात तिचे व्यसन सुटणार नाही. या दोन वाटा जेथे एकत्र येतात असे ठिकाण लैंगिक अल्पसंख्य समाजाने स्वतःसाठी कसे निर्माण केले आणि त्याची गरज का भासली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या प्रक्रियेचा सर्वांत दीर्घ आणि नोंदलेला इतिहास अमेरिकेतील असल्यामुळे आरंभी तिकडे वळणे क्रमप्राप्त आहे. त्यानंतर भारतीय आणि मराठी संदर्भाचा विचार केला आहे.

‘लैंगिक अल्पसंख्य’ ही संज्ञा येथे समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलैंगिक, पारलिंगी, आंतरलिंगी आणि स्वतःला क्विअर म्हणविणाऱ्या अशा सर्व व्यक्तींसाठी वापरली आहे. या गटांचे अनुभव एकसारखे नाहीत याची जाणीव ठेवूनच हा समूहवाचक शब्द स्वीकारला आहे.

मद्यालय : आश्रय आणि आपत्ती

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली उठली आणि मद्यविक्रीचे नियमन राज्यांच्या हाती आले. अनेक राज्यांत समलिंगी व्यक्ती एकत्र जमतात एवढ्या कारणावरून एखादे मद्यालय ‘बेशिस्त’ ठरवून त्याचा परवाना रद्द करता येत असे. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘ब्लॅक कॅट’ या मद्यालयाच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली असा निर्णय दिला की, अशा व्यक्ती तेथे जमतात एवढ्यावरून परवाना स्थगित करता येणार नाही. तरीही छळ थांबला नाही. २१ एप्रिल १९६६ रोजी न्यूयॉर्कमधील ‘ज्युलियस’ या मद्यालयात मॅटाशिन सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगून पेय मागितले आणि त्यांना नकार मिळाला. २८ जून १९६९ रोजी ‘स्टोनवॉल इन’वर पडलेल्या धाडीलाही मद्यपरवान्याचेच निमित्त होते. त्या धाडीला झालेल्या प्रतिकारातून आधुनिक चळवळ उभी राहिली.

या घटनाक्रमाचा एक अर्थ सहसा उच्चारला जात नाही. या समाजाच्या स्वातंत्र्याची स्मृतिस्थळे बहुतांशी मद्यालये आहेत. बाग, चर्च, कचेरी, कुटुंब अशी एकत्र येण्याची सर्व ठिकाणे बंद असताना मद्यालयाचे दार तेवढे उघडे होते. नोकरीची बातमी, निवाऱ्याची सोय, मैत्री आणि प्रेम हे सर्व तेथे मिळत असे. मात्र तेथे बसण्याचा हक्क पेल्यागणिक विकत घ्यावा लागे. पुढे मद्यउद्योगानेही हे हेरले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ॲब्सोल्यूट’ व्होडकाने समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांत जाहिराती देण्यास सुरुवात केली. इतर कंपन्या ज्या नियतकालिकांपासून दूर राहत होत्या, त्यांना हा पैसा हवाच होता.

व्यसनमुक्तीचा पहिला साधा सल्ला म्हणजे जुनी जागा आणि जुनी संगत टाळणे. सर्वसामान्य व्यसनी माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ गुत्ता सोडून घरी जाणे असा होतो. परंतु ज्याला घराने बाहेर काढले आहे, किंवा ज्याला घरात खोटे नाव आणि खोटी ओळख धारण करून राहावे लागते, त्याच्यासाठी मद्यालय सोडणे म्हणजे ज्या एकमेव ठिकाणी तो खरेपणाने वावरू शकतो ते ठिकाण सोडणे होय. हा पेच लक्षात घेतल्याशिवाय या समाजातील व्यसनमुक्तीचा विचार करता येत नाही.

आकडेवारीचा मोह आणि मर्यादा

१९७५ साली लिलीन फिफिल्ड यांनी लॉस एंजेलिस परगण्यातील समलिंगी समाजाच्या मद्यपानाविषयी एक अहवाल सादर केला. साधारणतः दर तिसरी व्यक्ती मद्यपाशात सापडली असल्याचा त्यातील अंदाज पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. या अहवालामुळे उपचारसेवांसाठी निधी मागणे शक्य झाले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. मात्र ही माहिती मोठ्या प्रमाणात मद्यालयांच्या परिघातून गोळा केलेली असल्यामुळे त्यावरून संपूर्ण समाजाविषयी अनुमान काढणे सदोष होते. १९८९ साली मॅककर्नन आणि पीटरसन यांनी शिकागोतील सुमारे ३,४०० समलिंगी स्त्री-पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिमद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण समजले जात होते तितके अधिक नाही, असे त्यांतून दिसले. मात्र मद्य न घेणारे कमी, मद्यामुळे उद्‌भवणाऱ्या अडचणी अधिक, आणि वयाबरोबर पिणे कमी होण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती येथे क्षीण, असे चित्र पुढे आले. विवाह, मुले, संसार या टप्प्यांवर इतरांचे पिणे आपोआप घटते. ते टप्पे ज्यांना नाकारले गेले त्यांच्या बाबतीत ती घट झाली नाही, असा या निष्कर्षाचा एक अन्वयार्थ लावता येतो.

कारणमीमांसेच्या दृष्टीने इलन मायर यांनी १९९५ आणि २००३ साली मांडलेली ‘अल्पसंख्यत्वाच्या ताणा’ची उपपत्ती महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष घडलेला भेदभाव, तो घडेल अशी सततची धास्ती, स्वतःची ओळख लपविण्याचे श्रम आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणे, असे या ताणाचे स्तर त्यांनी दाखविले. २०१० साली मार्क हॅटझेनब्यूलर आणि सहकाऱ्यांनी या विचाराला पूरक असा पुरावा दिला. २००४-०५ मध्ये ज्या राज्यांनी समलिंगी विवाहावर घटनादुरुस्तीद्वारे बंदी घातली, तेथील समलिंगी आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये मद्याशी निगडित विकारांसह अनेक मानसिक विकारांचे प्रमाण वाढलेले आढळले. कायद्याच्या पुस्तकातील एक कलम माणसाच्या हातातील पेल्यापर्यंत पोचते, असा या अभ्यासाचा मथितार्थ आहे.

‘आजार’ या शब्दाचे दोन प्रवास

मद्यपाशाला आजार म्हणणे ही विसाव्या शतकातील एक मुक्तिदायी घटना होती. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९५६ साली मद्यपाश हा आजार असल्याचे मान्य केले आणि ‘पापी’ किंवा ‘दुर्बळ’ ठरलेला माणूस रुग्ण म्हणून उपचारांना पात्र झाला. समलिंगी व्यक्तीच्या बाबतीत हाच शब्द उलट दिशेने प्रवास करीत होता. तिला आजारी ठरविल्यामुळे तिच्यावर ‘उपचार’ लादले जात होते. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९७३ साली समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून काढले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १७ मे १९९० रोजी त्याच अर्थाच्या नव्या वर्गीकरणाला मान्यता दिली. एकाला ‘आजारी’ ठरल्याने प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याला ‘आजारी नाही’ असे ठरल्याने.

हे दोन्ही प्रवास ज्या व्यक्तीच्या शरीरात एकत्र आले, तिची कुचंबणा सहज कल्पिता येते. १९०८ साली कार्ल अब्राहम या मनोविश्लेषकाने मद्यपान आणि दडपलेले समलिंगी आकर्षण यांचा कार्यकारणसंबंध मांडला होता. या परंपरेत वाढलेला चिकित्सक मद्यपाशाऐवजी रुग्णाच्या प्रेमाचाच उपचार करू लागे. रुग्णापुढे मग दोनच पर्याय उरत : सत्य सांगून चुकीचा उपचार घेणे, अथवा सत्य लपवून अपुरा उपचार घेणे.

ॲक्रन येथील प्रसंग आणि तिसरी परंपरा

१९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रन या शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या सहभावाचा जन्म झाला. एक मद्यपाशी दुसऱ्या मद्यपाश्याशी बोलला तर दोघांचीही त्या दिवसाची दारू टळते, हे त्याचे मूलतत्त्व होते. प्रारंभीच्या गटांना आपल्या प्रतिष्ठेची फार काळजी होती आणि सभासद कोणाला करावे याविषयी अनेक नियम होते. दुसऱ्याच वर्षी एक माणूस गटाकडे आला. आपल्यावर मद्यपाशाहूनही अधिक बदनामीचा शिक्का आहे, तरी आपल्याला घ्याल का, असे त्याने विचारले. ज्येष्ठ सभासदांत वाद झाला. अखेर, प्रभूने अशा वेळी काय केले असते, असा प्रश्न त्यांच्यातील एकाने उपस्थित केला आणि वाद थांबला. त्या माणसाला प्रवेश मिळाला.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्या आणि बारा परंपरा यांविषयीच्या ग्रंथात हा प्रसंग तिसऱ्या परंपरेच्या विवेचनात आला आहे. सभासदत्वासाठी पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच अट असावी, असे ती परंपरा सांगते. त्या माणसावरील शिक्का कोणता हे ग्रंथात उघड केलेले नाही. त्याला ‘दुसरे व्यसन’ असे मोघम म्हटले आहे. तो शिक्का लैंगिकतेविषयीचा होता हे खुद्द विल्सन यांनी १९६८ सालच्या एका भाषणात स्पष्ट केले. अभ्यासकाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. सर्वांना दार उघडे ठेवणाऱ्या नियमाच्या समर्थनार्थ निवडलेल्या उदाहरणातच हा समाज उभा आहे. त्याच वेळी त्याच्या लैंगिकतेला ‘व्यसन’ म्हटल्यावाचून त्या काळच्या भाषेला ते सांगता आले नाही. प्रवेश मिळाला, परंतु नाव मिळाले नाही.

नाव मिळण्यास आणखी दोन दशके लागली. स्वतःला उघडपणे समलिंगी म्हणविणाऱ्या गटांची नोंद अधिकृत सूचीत करावी की नाही, यावर संघटनेच्या वार्षिक परिषदेत वाद झाला. अशा गटांना मान्यता दिली तर उद्या कोणत्याही खुणेचे गट निघतील आणि सहभाव विस्कळीत होईल, असा विरोधकांचा मुद्दा होता. स्त्रिया, तरुण आणि डॉक्टर यांचे स्वतंत्र गट तर आधीपासूनच होते, असे त्याला उत्तर मिळाले. १९७४ साली परिषदेने नोंदीच्या बाजूने कौल दिला. असा गट कोणत्याही मद्यपाश्याला नकार देऊ शकत नाही, ही अट कायम राहिल्यामुळे स्वतंत्र गट म्हणजे बंदिस्त गट असा अर्थ उरला नाही. १९८९ साली समलिंगी मद्यपाश्यांसाठी संघटनेची स्वतंत्र पुस्तिकाही निघाली.

याच दशकात व्यावसायिक सेवाही उभ्या राहिल्या. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये स्त्रियांसाठी एक मद्यमुक्ती केंद्र निघाले आणि समलिंगी स्त्रियांना तेथे हक्काची जागा मिळाली. १९७९ मध्ये या क्षेत्रातील समलिंगी समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तर १९८६ मध्ये मिनेसोटा राज्यात ‘प्राइड इन्स्टिट्यूट’ हे खास या समाजासाठीचे निवासी केंद्र सुरू झाले.

स्वकीयांच्या गटात नेमके काय घडते

अशा सभेचे बाह्य रूप अत्यंत साधे असते. तासाभराची बैठक, शुल्क नाही, खर्चासाठी ऐच्छिक वर्गणी. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपाशी असल्याचे म्हणतो. त्याचे बोलणे चालू असताना कोणी मध्ये बोलत नाही, उपदेश करीत नाही. यालाच आपल्याकडील सभांतही ‘शेअरिंग’ म्हणतात. नवख्याला दूरध्वनी क्रमांक दिले जातात आणि पुढे एखादा जुना सभासद त्याचा ‘स्पॉन्सर’ होतो.

या साध्या रचनेत स्वकीयांच्या उपस्थितीने जो फरक पडतो तो बारा पायऱ्यांच्या आधारे स्पष्ट करता येईल. चौथ्या पायरीवर सभासदाने स्वतःचे निर्भय आत्मपरीक्षण करून आपले दोष लिहून काढावयाचे असतात आणि पाचव्या पायरीवर ते दुसऱ्या एका माणसापुढे उघड करावयाचे असतात. येथे समलिंगी सभासदापुढे मूलभूत प्रश्न उभा राहतो. आपले प्रेम दोषांच्या यादीत लिहावयाचे की नाही? ऐकणारा त्याला दोष मानणारा असेल, तर व्यसनमुक्ती आत्मतिरस्काराशी बांधली जाते. आपण पितो ते असे आहोत म्हणून, आणि पिणे सुटावयाचे तर असे असणेही सुटले पाहिजे, असे समीकरण मनात तयार होते. प्रयत्न करूनही ‘असे असणे’ सुटत नाही. त्या निराशेत माणूस पुन्हा पिऊ लागतो. स्वकीयांच्या गटातील ऐकणारा ही यादी योग्य ठिकाणी दुरुस्त करू शकतो. प्रेम यादीतून वगळावयाचे. त्या प्रेमाच्या नात्यात केलेली फसवणूक, हिंसा अथवा बेजबाबदारी मात्र यादीत ठेवावयाची. हा विवेक अनुभवातूनच येतो.

आठव्या आणि नवव्या पायरीवर ज्यांना आपण दुखावले त्यांची भरपाई करावयाची असते. समाजाच्या दडपणाखाली विवाह केलेल्या समलिंगी पुरुषाने पत्नीला काय आणि किती सांगावे, हा प्रश्न येथे येतो. ज्यांना सांगितल्याने त्यांची किंवा इतरांची हानी होईल तेथे थांबावे, अशी सवलत त्या पायरीतच आहे. हानी कशाने होईल याचा अंदाज त्या प्रसंगातून गेलेल्या व्यक्तीलाच अधिक बांधता येतो.

स्पॉन्सर निवडण्याच्या संकेतातही असाच बारकावा आहे. प्रणयाची गुंतागुंत टळावी म्हणून पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. समलिंगी सभासदाच्या बाबतीत त्याच हेतूसाठी हा सल्ला उलटावा लागतो. नियमाचा शब्द बदलून त्याचा आशय राखण्याची मुभा स्वकीयांच्या गटात सहज मिळते.

तिसरी गोष्ट सभेबाहेरची आहे. सण, सुट्टीचे दिवस, वाढदिवस हे व्यसनी माणसाच्या घसरणीचे प्रसंग असतात, आणि घराने नाकारलेल्या माणसाला ते अधिकच रिते वाटतात. कॅथ वेस्टन या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात समलिंगी समाजातील ‘निवडलेल्या कुटुंबां’चा अभ्यास केला आहे. मद्यमुक्त गटांतून अशीच कुटुंबे तयार झाली. एकत्र स्वयंपाक, मद्याविना नृत्यसंमेलने, आजारपणात शुश्रूषा, अशी कामे या गटांनी उचलली. जून १९८१ मध्ये एड्सची पहिली वैद्यकीय नोंद झाल्यानंतरच्या दशकात तर या गटांची कठोर परीक्षा झाली. नुकतीच दारू सोडलेली माणसे एकामागून एक मित्रांच्या अंत्यविधींना जात होती. अशा वेळी न पिता दुःख सहन करण्याची रीत त्यांनी एकमेकांकडूनच शिकून घेतली.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. समाज आपला म्हणून तो निर्व्यसनी असतोच असे नाही. १९९० च्या दशकापासून शहरी समलिंगी पुरुषांत मेथॲम्फेटामिन या उत्तेजकाचा प्रसार झाला आणि १९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये त्या व्यसनासाठी बारा पायऱ्यांवर आधारित स्वतंत्र सहभाव स्थापन करावा लागला. लैंगिक संबंधांच्या वेळी मादक द्रव्ये घेण्याच्या प्रथेतून लंडनसारख्या शहरांतही विशेष सेवांची गरज निर्माण झाली. पारलिंगी आणि उभयलैंगिक व्यक्तींना समलिंगी गटांतही उपरेपणा जाणवू शकतो. बारा पायऱ्यांतील ईश्वरवाचक भाषा ज्यांना धर्माच्या नावाने हाकलले गेले त्यांना बोचते. आपल्याला उमगलेला ईश्वर, अशी त्या पायऱ्यांनीच ठेवलेली सूट काहींना पुरते, काही जण निरीश्वर पद्धतीचे गट शोधतात. स्वकीयांचा आधार आवश्यक असला, तरी त्याच्या जोडीला वैद्यकीय उपचार आणि समुपदेशन यांची गरज उरतेच.

भारतीय आणि मराठी संदर्भ

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भारतात १९५७ साली दिल्लीत सुरू झाल्या आणि कालांतराने अनेक भारतीय भाषांत पसरल्या. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचा विचार लोकांपर्यंत पोचविण्यात पुण्याच्या मुक्तांगण मित्र या संस्थेच्या केंद्राचा वाटा मोठा आहे. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, हे केंद्र १९८६ साली उभे राहिले. रुग्णाच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ या नावाने चालणारा गट हे तेथील कामाचे एक वैशिष्ट्य होय. व्यसन हा संपूर्ण कुटुंबाचा आजार आहे आणि कुटुंबाच्या सहभागाशिवाय तो बरा होत नाही, हे भारतीय व्यसनमुक्तीचे सूत्र अशा प्रयत्नांतून दृढ झाले. हे सूत्र अनुभवसिद्ध आहे, आणि असंख्य संसार त्याने वाचविले आहेत.

परंतु लैंगिक अल्पसंख्य व्यक्तीच्या बाबतीत हे बलस्थानच अडसर ठरू शकते. कुटुंब म्हणजे आईवडील, पत्नी आणि भावंडे, असे गृहीत धरलेल्या व्यवस्थेत तिचा जोडीदार कोठे बसणार? कुटुंबीय तिला केंद्रात आणतात तेव्हा दारूबरोबर ‘हेही’ सुटावे, अशी अपेक्षा त्यांच्या मनात असू शकते. पारलिंगी व्यक्तीपुढे पुरुषांचा विभाग की स्त्रियांचा, हा प्रश्न उंबरठ्यावरच येतो. हिजडा समाजातील गुरू-चेला परंपरा हे रक्ताच्या नात्याविना निर्माण झालेल्या कुटुंबाचे आपल्याकडील जुने रूप आहे. आजारपणात आणि वार्धक्यात ते कुटुंब जबाबदारी घेते. तथापि दवाखान्याच्या अर्जावरील नात्याच्या रकान्यात ‘गुरू’ हा शब्द मावत नाही.

या बाबतीत कायदा समाजाच्या पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिकता ‘बदलण्याच्या’ तथाकथित उपचारांना मज्जाव केला आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरविला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा. मद्य आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, आणि लैंगिक अभिमुखतेच्या कारणावरून सेवेत भेदभाव करण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. आणखी एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून आणि सही वा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. त्यानंतर तर या साध्या कागदाचे मोल अधिकच वाढले आहे. उपचारांच्या वेळी आपला जोडीदार, गुरू अथवा स्वकीय गटातील स्नेही आपल्याजवळ असावा, असे व्यसनी व्यक्तीला वाटत असेल, तर त्यासाठीचा मार्ग कायद्यात आज उपलब्ध आहे. आपल्या रुग्णाला त्याची माहिती देणे हे प्रत्येक केंद्राला सहज शक्य आहे.

संघटनांच्या पातळीवर १९९० साली मुंबईत सुरू झालेले ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक आणि १९९४ साली स्थापन झालेली हमसफर ट्रस्ट ही संस्था यांनी मद्यालयाबाहेर एकत्र येण्याची जागा निर्माण केली. एकमेकांना भेटण्यासाठी चहाच्या कपाभोवतीची बैठक पुरते, हा अनुभव व्यसनमुक्तीच्या दृष्टीने पायाभूत आहे.

भाषेचा प्रश्न

मराठीत व्यसनी माणसासाठी ‘बेवडा’ आणि ‘दारुडा’ हे शब्द आहेत, तसे लैंगिक अल्पसंख्य व्यक्तीसाठीही अनेक शब्द आहेत. आणि त्यांतील बहुतेक शिव्या आहेत. दोन्ही ओळखी वाहणारी व्यक्ती स्वतःविषयी बोलू लागते, तेव्हा तिच्या तोंडी प्रथम शिवीच येते. व्यसनमुक्तीच्या कामाने ‘मद्यपाश’ हा शब्द रूढ केला. पाश सोडविता येतो, असे हा शब्द सुचवितो. ‘दारुडा’ या शब्दात ती शक्यता नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या ग्रंथापासून मराठीत आत्मकथनाची जी प्रबळ परंपरा निर्माण झाली, तिने समाजाने लाज म्हणून लादलेली गोष्ट प्रथमपुरुषी वाक्यात उच्चारण्याचे धैर्य भाषेला दिले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) हे पुस्तक त्याच वाटेवरचे आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांची कथनेही मराठीत आहेत. हे दोन प्रवाह मात्र बहुधा वेगवेगळेच वाहत आले. ज्या व्यक्तीच्या आयुष्यात ते एकत्र येतात, तिला सभेत उभे राहून एकाच वाक्यात दोन्ही सांगता यावे, यासाठी ऐकणाऱ्यांच्या कानांना त्या वाक्याची सवय व्हावी लागते. साहित्य आणि साहित्याचा अभ्यास यांचे या बाबतीतील कार्य गौण नाही.

समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, व्यसनमुक्ती ही प्रामाणिक कथनावर उभी असते आणि ज्याला आपल्या आयुष्याचा अर्धा भाग वगळून बोलावे लागते त्याचे कथन प्रामाणिक होऊ शकत नाही. स्वकीयांचा गट ही वगळण्याची सक्ती दूर करतो. तो गट नसेल तेथे सर्वसामान्य सभेने आणि केंद्राने ती सक्ती निदान शिथिल करावी, हे तिसऱ्या परंपरेच्या आशयाला धरूनच होईल. प्रवेशाच्या वेळी ‘पत्नीचे नाव’ विचारण्याऐवजी ‘तुमच्या जवळचे कोण’ असे विचारणे, विभागाचा निर्णय पारलिंगी व्यक्तीशी बोलून घेणे, लैंगिकता आणि व्यसन यांची गल्लत न करणे, या गोष्टींना निधी लागत नाही.

मित्राच्या काळी अशी सभा नव्हती. बापू तिच्यावर माया करीत होता, पण आपण तिच्यासाठी नेमके काय करावे हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. आजच्या बापूला तिला एखाद्या सभेच्या दारापर्यंत नेता येईल आणि, तिची इच्छा असेल तर, साध्या कागदावर तिचा प्रतिनिधी म्हणून स्वतःचे नाव लिहवून घेता येईल. त्या दारातून आत गेल्यावर तिला कोणत्या शब्दांनी सामोरे जायचे, हे मात्र आत बसलेल्यांनी ठरवावयाचे आहे.